गोल्फच्या फटक्यात उजवा हात काय करतो?

६ फेब्रुवारी १९७१ या दिवशी ‘अपोलो-१४’चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. वर्गात ही गंमत आपल्यापैकी अनेकांनी सांगितली असेल, कारण चंद्रावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक-षष्ठांश आहे हे तिच्यातून सहज पटवता येते. पण तिच्यातला एक तपशील सहसा सांगायचा राहून जातो. शेपर्ड यांचा अवकाशपोशाख आतल्या दाबामुळे इतका ताठ झालेला होता की दोन्ही हात एकत्र आणून काठी फिरवणे त्यांना जमेना. मातीचे नमुने गोळा करण्याच्या अवजाचा दांडा आणि त्याला बसवलेले गोल्फच्या काठीचे टोक, असे ते साहित्य होते. ते त्यांनी एकट्या उजव्या हाताने फिरवले. पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली. शेवटचा चेंडू मात्र मैलोन्मैल गेला, असे त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितले.

तो मैलोन्मैल गेला नव्हता. २०२१ साली जुन्या छायाचित्रांवरून मोजणी झाली तेव्हा पहिला चेंडू सुमारे २२ मीटर आणि दुसरा सुमारे ३७ मीटर गेला होता असे दिसले. फेकलेल्या वस्तूच्या पल्ल्याचे सूत्र दहावीच्या पुढच्या मुलांना येते. चेंडू ४५ अंशांत उडाला असे धरून ३७ मीटर आणि चंद्रावरचे त्वरण १.६ घातले की चेंडूचा वेग सेकंदाला जेमतेम ८ मीटर निघतो. तो १५ अंशांत, म्हणजे बराच खालून गेला असे धरले तरी ११ मीटरच्या आसपास येतो. पृथ्वीवर चांगल्या खेळाडूचा लांब पल्ल्याचा चेंडू काठीवरून सुटतो तो सेकंदाला ६५ मीटरच्या वेगाने. शेपर्ड यांना गोल्फ चांगले येत होते, आणि त्यांचा उजवा हात अंतराळवीराचा, म्हणजे धडधाकट होता. मग एवढा फरक का पडावा?

आमच्यापैकी कुणीही गोल्फ खेळत नाही, हे आधी सांगून टाकतो. कलकत्त्यात १८२९ पासून या खेळाचा क्लब आहे, पण आपल्या शाळांच्या मैदानांपर्यंत तो काही आलेला नाही. आम्हाला त्यात रस वाटला तो एका भांडणामुळे. गोल्फ शिकवणाऱ्यांत गेली कित्येक दशके वाद आहे की फटक्यात उजव्या हाताने जोर लावावा की लावू नये. एक पक्ष म्हणतो, काठी डाव्या हाताने ओढायची आणि उजवा हात नुसता बरोबर न्यायचा. दुसरा म्हणतो, माणसाचा बळकट हात उजवा, मग तो वापरायचा नाही तर ठेवायचा कशाला? दोन्ही पक्षांत उत्तम खेळाडू आहेत. स्वतःचे शरीर काय करते हे ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक असायला हवे, त्यांचेच एकमत होत नाही. शिकवण्याच्या धंद्यातल्या माणसाला इथे थांबावेसे वाटणारच.

प्रथम खेळाडू उभा कसा राहतो ते पाहू. चेंडू जमिनीवर स्थिर असतो. उजखोरा खेळाडू त्याच्याकडे तोंड करून, डावा खांदा जिकडे चेंडू मारायचा त्या दिशेला ठेवून उभा राहतो. काठीच्या मुठीवर डावा हात वर आणि उजवा त्याच्या लगेच खाली असतो. बहुतेकांची उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर चढलेली असते. काठी उजवीकडे मागे आणि वर न्यायची, आणि तिथून खाली आणून चेंडूवर आणायची. खाली येण्याला लागतो साधारण पाव सेकंद.

आता एक गोष्ट उभे राहून करून पाहा. दोन्ही तळवे एकमेकांत गुंतवून हात समोर सरळ धरा. मग डावे कोपर न वाकवता जोडलेले हात उजवीकडे, खांद्याच्या वर न्या. उजवे कोपर आपोआप वाकते. ते वाकवायचे नाही असे ठरवले तर हात जागचे हलतच नाहीत. यात कौशल्याचा प्रश्न नाही, ही भूमिती आहे. दोन खांद्यांमध्ये अंतर आहे आणि दोन्ही हात एकाच जागी आहेत. एका बाजूला गेले की त्या बाजूचा हात दुमडलाच पाहिजे. काठी अगदी वर असते तेव्हा उजवे कोपर जवळजवळ काटकोनात असते. खाली येताना ते उलगडत जाते. काठी चेंडूला लागते त्या क्षणीही ते थोडे वाकलेलेच असते आणि चेंडू निघून गेल्यावर पूर्ण सरळ होते. म्हणजे उजव्या हातात दुमडलेली स्प्रिंग आहे असे वाटते. ती जोरात उलगडली की काठी जोरात जाणार, असा आपला अंदाज असतो. नवशिक्याचाही हाच असतो.

या अंदाजाला धक्का बसतो तो हिशेब केल्यावर. लांब पल्ल्याच्या काठीच्या टोकाचे वस्तुमान सुमारे २०० ग्रॅम. चांगल्या खेळाडूच्या हातात त्याचा वेग सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या वर असतो. गतिज ऊर्जा काढली तर ती २०० ज्यूल येते. एवढी ऊर्जा पाव सेकंदात द्यायची म्हणजे ८०० वॅट, एक अश्वशक्तीपेक्षा थोडी जास्तच. शिवाय हात, दांडा आणि धड यांनाही वेग द्यावा लागतो. ते धरले तर आकडा दीड-दोन पटींवर जातो. माणसाचा एक हात साडेतीन किलोंच्या आसपास असतो. त्यातली हाडे, कातडी वगैरे सोडली तर स्नायू दोनेक किलो, आणि त्यात कोपर सरळ करणारा गट एकच, दंडाच्या मागचा. त्याने एकट्याने दोन अश्वशक्ती द्याव्यात ही अपेक्षाच चूक आहे. ते काम पाय, कंबर, पाठ आणि छाती यांच्या मोठ्या स्नायूंचे आहे. चंद्रावर शेपर्ड यांच्याजवळ नेमके तेच उरले नव्हते. ताठ पोशाखात धड वळत नव्हते, पायांखाली भुसभुशीत धूळ होती, आणि उरला होता तो फक्त उजवा हात.

पण मोठ्या स्नायूंचा वेग कमी असतो. कंबर काही ताशी १६० किलोमीटरने फिरत नाही. खुद्द खेळाडूच्या मुठीही सेकंदाला आठ-दहा मीटरपेक्षा जास्त वेग घेत नाहीत. मग टोकाला ४५ मीटर कुठून येतात?

याचे उत्तर शेतात राखणीला बसलेल्या पोराला ठाऊक असते. गोफणीच्या दोरीने दगडाला ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. तरीही हात थोडासा फिरतो आणि दगड हाताच्या कितीतरी पट वेगाने जातो. १९६८ साली ब्रिटनमध्ये ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचे ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक आले. त्यामागे कित्येक वर्षांचे संशोधन होते. त्यांनी फटक्याचे जे साधे प्रतिमान मांडले त्यात दोनच दांडे होते. वरचा दांडा म्हणजे डावा हात, खालचा म्हणजे काठी, आणि दोहोंमध्ये मनगटाची बिजागरी. याला दुहेरी लंबक म्हणतात. उजवा हात त्यात नव्हताच! आणि गंमत म्हणजे उजवा हात गाळूनही प्रत्यक्ष फटक्याशी ते बरेच जुळत होते.

दुहेरी लंबक चालतो तो असा. सुरुवातीला खालचा दांडा वरच्याशी काटकोन करून दुमडलेला असतो. दोन्ही मिळून आटोपशीर असतात, म्हणून फिरवायला हलके जातात. गिरकी घेणारी मुलगी हात छातीशी घेते तसेच. वेग वाढतो तशी काठी बाहेर जाऊ पाहते, बिजागरी उघडते आणि टोक झपाट्याने पुढे येते. ते पुढे येताना मुठींना मागे ओढते. त्यामुळे मुठींचा वेग शेवटी कमी होतो आणि हातातली ऊर्जा टोकात उतरते. चाबकाच्या मुठीला हिसका देऊन हात थांबवला की टोक कडाडते, तोच प्रकार. खेळाडूने मनगट मुद्दाम उघडायचे नसते. ते उघडणारच असते.

इथे उजवा हात घोटाळा करू शकतो. तो मुठीवर खालच्या बाजूला आहे. त्याने पुढे ढकलले आणि डाव्याने अडवून धरले तर काठी मनगटात फिरते. दोन्ही मिळून बलयुग्म होते. नवशिका वरून सुरुवात करतानाच असे ढकलतो, कारण त्याला ‘मारायचे’ असते. काठी लगेच उलगडते, सारी जोडणी लांब आणि जड होते, आणि चेंडूपाशी येईपर्यंत टोकाचा चढता वेग संपून गेलेला असतो. नेब्रास्का विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर जॉर्गेन्सन यांनी १९७०च्या शोधनिबंधात आणि पुढे १९९४च्या ‘द फिजिक्स ऑफ गोल्फ’ या पुस्तकात हे गणिताने मांडले. मनगटातून सुरुवातीलाच काठी उघडण्याचा जोर लावला तर टोकाचा अंतिम वेग कमी होतो. उलट सुरुवातीला थोडे रोखून धरले तर वाढतो. जोर लावल्याने वेग कमी होतो हे वाक्य मुलांसमोर ठेवले तर ती सहजी मान्य करणार नाहीत, आणि करूही नये.

म्हणून हे उपकरण करून पाहा. एका गुळगुळीत फळीवर खिळा ठोका. त्यावर एक फूटपट्टी टोकाजवळच्या भोकात सैल बसवा. तिच्या दुसऱ्या टोकाला नट-बोल्टने दुसरी पट्टी अडकवा, तीही सैल. दोन्हींच्या खाली शर्टाची बटणे चिकटवली तर घर्षण कमी होते. पहिल्या पट्टीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधा आणि दर वेळी तेवढीच ताणून सोडा. फिरण्याच्या मार्गात, दोन्ही पट्ट्या एका रेषेत येतील तिथे दुसऱ्या पट्टीच्या टोकापाशी गोटी ठेवा. एकदा दोन्ही पट्ट्या सुरुवातीपासून सरळ ठेवून सोडा, एकदा दुसरी काटकोनात दुमडून. कोन थोडा थोडा बदलत गोटी किती लांब जाते ते मोजा. दुमड फार झाली तर पट्टी उलगडायच्या आतच गोटीपाशी पोचते, हेही मुलांच्या लक्षात येईल. उपकरण भिंतीवर टांगून केले तर जास्त सोपे नाही का, असे आम्हाला आधी वाटले होते. पण तसे केल्यास दुमडलेल्या पट्टीची उंची, म्हणजेच स्थितिज ऊर्जा, सरळ पट्टीपेक्षा वेगळी होते आणि तुलना बिघडते. एखादा चौकस मुलगा ही चूक काढतो का, ते पाहण्यासाठी मुद्दाम आधी टांगून करायलाही हरकत नाही.

बरे, सुरुवातीला नको, पण शेवटी तरी उजव्या हाताने ढकलावे की नाही? योग्य क्षणी दिलेल्या जोराने वेग थोडा वाढतो, असे संगणकावरची प्रतिमाने सांगतात. अडचण अशी की तो द्यायला हात पुरत नाही. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल कमी होते, हा नियम ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली मांडला. उतारावर सायकल सुटली की हा नियम पायांना कळतो. पायडल इतके भराभर फिरते की पाय त्याच्यामागे नुसते धावतात, जोर लागतच नाही. काठी उलगडत असते तेव्हा उजव्या मनगटाची अवस्था तशीच असते. चांगल्या खेळाडूंच्या मोजमापांत तर असे दिसते की चेंडूला लागण्याच्या जरा आधी हात काठीला पुढे ढकलत नसून उलट किंचित अडवत असतात. काठी त्यांच्या पुढे पळालेली असते.

मग त्या क्षणी हात करतात काय? धरून ठेवतात. २०० ग्रॅमचे टोक सेकंदाला ४५ मीटरने सव्वा मीटरच्या आसपास त्रिज्येच्या वळणावर फिरत असताना लागणारे अभिकेंद्री बल काढून पाहा. ते सुमारे ३३ किलो वजनाएवढे भरते. डावा हात शेवटी सरळ दिसतो तो बराचसा या ओढीमुळे, गोफणीची दोरी ताठ होते तसा.

आणखी एक हिशेब आम्हाला फार आवडला. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग टिकतो. हातातली संवेदना मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जायला पंधरा-वीस मिलिसेकंद तरी लागतात. तेवढ्या वेळात ६५ मीटर वेगाचा चेंडू मीटरभर पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे ‘आता लागला’ असे खेळाडूला जाणवते तेव्हा सर्व काही संपलेले असते. त्याच्या आधीच्या पाव सेकंदातही मध्येच काही बदलायला फारशी सवड नसते, कारण एखादी गोष्ट पाहून प्रतिसाद द्यायलाच माणसाला जवळजवळ तेवढा वेळ लागतो. उजव्या हाताने जोरात मारले असे ज्याला वाटते त्याने खरोखर तसे केले असेलच असे नाही. आणि उजवा हात स्वस्थ होता असे ज्याला वाटते त्याचाही भरवसा नाही. तज्ज्ञांचे भांडण का मिटत नाही, याचे बरेचसे उत्तर यात आहे. ते खोटे बोलत नाहीत, आपापल्या आठवणी सांगत असतात.

स्वस्थ तर उजवा हात मुळीच नसतो. १९८६ आणि १९९० साली अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या खांद्यांतील स्नायूंचे विद्युत-संकेत फटका चालू असताना नोंदले. छातीचा मोठा स्नायू आणि खांद्याच्या फऱ्याखालचा स्नायू खाली येताना जोमाने काम करीत होते, आणि तेही दोन्ही बाजूंचे. उजव्या छातीचा स्नायू दंडाला शरीरासमोरून ओढून आणतो. म्हणजे उजव्या बाजूचा जोर खरा आहे, पण तो खांद्यातून येतो, मनगटातून नव्हे. आणि काठीला मनगटात फिरवण्यापेक्षा हातांची सगळी जोडणी पुढे नेण्यात खर्च होतो. तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी टप्पे घेत जावी म्हणून आपण ती फेकतो तेव्हा कोपर बरगडीजवळून पुढे येते आणि मनगट मागेच वाकलेले राहते. गोल्फमधला उजवा हात जवळपास तसाच चालतो. शिकवणारे सांगतात की वर गेल्यावर उजवा तळवा हॉटेलातल्या पोऱ्याने ट्रे पेलावा तसा हवा. आम्हाला ही उपमा पसंत पडली, कारण ट्रे पेलणारा हात ढकलत नाही, आधार देतो. नवशिक्याचे मनगट लवकर सरळ होते, आणि मग डाव्याला पाठीमागे मोडावे लागते. दोन्ही हात एकाच मुठीवर असल्याने एकाची चूक दुसऱ्याला भोगावी लागते.

डावा हात सरळच हवा, हा नियमही आम्हाला वाटत होता तेवढा पक्का नाही. १९५४ची अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकणारे एड फर्गॉल यांचा डावा हात लहानपणीच्या अपघातानंतर आखूड आणि कोपरात कायमचा वाकलेला राहिला होता. कॅल्व्हिन पीट यांचेही डावे कोपर लहानपणी मोडले होते आणि पुरते सरळ होत नव्हते. १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षे लांब फटक्यांच्या अचूकतेत ते अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंत पहिले होते. त्यांना कुणी पहिल्याच दिवशी ‘हात सरळ होत नाही तर हा खेळ तुझा नव्हे’ असे म्हटले असते तर पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच ठरले असते.

शेवटी ‘उजवा’ या शब्दाबद्दल. आतापर्यंत आम्ही उजवा हात म्हणत आलो तो खरे तर ‘मागचा हात’ आहे. २००४, २००६ आणि २०१० साली मास्टर्स स्पर्धा जिंकणारे फिल मिकलसन हे एरवी उजखोरे, पण गोल्फ डावखोरे खेळतात. लहानपणी वडिलांसमोर उभे राहून त्यांनी फटक्याची आरशातली प्रतिमा उचलली. त्यांचा बळकट हात पुढे आहे आणि मागचा हात डावा. न्यूझीलंडचे बॉब चार्ल्स, १९६३ साली ब्रिटिश ओपन जिंकणारे, तेही असेच. क्रिकेटमध्ये सौरव गांगुली हे याचे ओळखीचे उदाहरण. सचिन तेंडुलकर यांचा प्रकार उलटा आहे. ते लिहितात डाव्या हाताने आणि फलंदाजी करतात उजखोरी, म्हणजे बॅटच्या मुठीवर त्यांचा लिहिता हात वर असतो.

आपल्या वर्गात एक काठी नेऊन, काहीही न सांगता, प्रत्येकाला ती दोन्ही हातांनी फटका मारण्यासाठी धरायला सांगा. कोणाचा कोणता हात खाली आहे आणि तो लिहितो कोणत्या हाताने, याचा तक्ता मुलांनाच करू द्या. मग त्यांना विचारा की कुऱ्हाडीने लाकूड फोडणारा माणूस कुऱ्हाड उचलताना एक हात पात्याजवळ धरतो, पण घाव घालताना तोच हात घसरवत दुसऱ्या हाताजवळ का आणतो.